समुद्र तापला, हे कोण ठरवतं?

महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस भरला की कागदोपत्री अतिवृष्टी झाली. ६४ भरला तर नाही. शेतात दोन्ही वेळा तेवढंच पाणी साचतं, शेंगेतल्या सोयाबीनला दोन्ही वेळा कोंब फुटतात; पण पंचनामा कुठल्या गावात होणार, हे त्या एका मिलिमीटरवर ठरतं. पैसेवारीचंही तसंच. पन्नास पैशांच्या आत आली तर टंचाईच्या सवलती, वर गेली तर तहसीलच्या पायऱ्या झिजवणं. मग रोज थोडा थोडा, पण उसंत न घेता पडणाऱ्या पावसाचं काय? तो ६५च्या रेषेला शिवत नाही आणि पीक मात्र नासवतो. म्हणून २०२३ साली राज्य मंत्रिमंडळाने ‘सततचा पाऊस’ हीही आपत्ती मानली आणि तिची व्याख्या बांधून दिली : सलग पाच दिवस, दररोज किमान १० मिलिमीटर, आणि मागच्या दहा वर्षांतल्या त्याच काळाच्या सरासरीपेक्षा निदान ५० टक्के जास्त.

या व्याख्येत तीन प्रश्नांची उत्तरं आहेत. किती? किती दिवस? आणि कशाच्या मानाने? टोकाच्या हवामानाचा माग काढणारं जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर घ्या, ते याच तीन प्रश्नांपाशी येतं. हवामान स्वतःहून ‘घटना’ म्हणून येत नाही. येतात ते रोजचे, न संपणारे आकडे. त्यांत सुरुवात कुठे मानायची, शेवट कुठे, नकाशावर हद्द कुठवर आखायची, हे कुणीतरी आधी ठरवावं लागतं. जमिनीवर ते शासन निर्णयात लिहिलेलं असतं आणि तलाठी, मंडळ अधिकारी ते राबवतात. समुद्रावर तलाठी नाही. तिथे गेल्या दहा वर्षांत हे काम काही छोटेखानी, फुकट मिळणाऱ्या संगणकप्रणालींनी अंगावर घेतलं आहे.

पर्थजवळचा समुद्र

२०११चा फेब्रुवारी-मार्च म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या उन्हाळ्याचा शेवट. त्या वर्षी प्रशांत महासागरात ला निना जोरात होती. तिच्यामुळे ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेकडे जाणाऱ्या ल्यूविन प्रवाहाला बळ मिळालं आणि उष्ण कटिबंधातलं पाणी एरवी जात नाही तितकं खाली ओतलं गेलं. समुद्र दहा आठवड्यांहून अधिक काळ नेहमीपेक्षा दोन ते चार अंशांनी गरम राहिला. कालबारीच्या आसपास ॲबलोनी या महागड्या सागरी गोगलगायी मरून पडल्या, तिथली मासेमारी बंद करावी लागली. केल्प नावाच्या उंच समुद्री शेवाळाची जंगलं पश्चिम किनाऱ्यावर ४३ टक्क्यांनी घटली आणि त्यांची उत्तरेकडची हद्द शंभर किलोमीटर दक्षिणेला सरकली. शार्क बेमधल्या सागरी गवताच्या कुरणांपैकी एक तृतीयांशाहून जास्त कुरणांचं नुकसान झालं.

आपत्ती मोठी आहे, हे कळायला सॉफ्टवेअर लागत नव्हतं. अडचण होती ती तुलनेची. २००३ साली भूमध्य समुद्र तापला होता, २०१२ साली अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यासमोरचा अटलांटिक तापला. यांतली मोठी घटना कुठली? कुणी महिन्याची सरासरी घेई, कुणी रोजचा आकडा. कुणी दोन अंशांची वाढ ‘असाधारण’ मानी, कुणी तीन. ज्याची त्याची मोजपट्टी वेगळी, म्हणून ज्याचा त्याचा निष्कर्षही वेगळा.

जानेवारी २०१५मध्ये पर्थला काही समुद्रशास्त्रज्ञ आणि सागरी जीवशास्त्रज्ञ एकत्र बसले आणि २०१६ साली ॲलिस्टर हॉबडे यांच्या नेतृत्वाखाली त्यांचा निबंध आला. सागरी उष्णतेच्या लाटेची त्यांनी केलेली व्याख्या एका वाक्यात मावते. त्या जागेच्या त्या तारखेच्या तीस वर्षांच्या नोंदींत वरच्या दहा टक्क्यांत बसेल इतकं तापमान, सलग निदान पाच दिवस.

३३० आकड्यांचा हिशेब

वाक्य सोपं असलं तरी ते संगणकाला समजावताना प्रत्येक शब्दाचा जाब द्यावा लागतो. तारीख १५ मे धरू. संगणक तीस वर्षांतले १० ते २० मे असे अकरा-अकरा दिवस गोळा करतो. ३३० आकडे झाले. ते चढत्या क्रमाने लावून वरचे ३३ वेगळे काढले की त्यांच्या खालची रेषा हा १५ मेचा उंबरठा. १६ मेसाठी ११ ते २१ मे धरून पुन्हा तोच खटाटोप. वर्षाच्या सगळ्या दिवसांचे उंबरठे असे निघाले की आलेख करवतीसारखा दातेरी दिसतो. ३१ दिवसांच्या चालत्या सरासरीने तो घोटून घेतात. मग रोजचं तापमान या रेषेशी ताडून पाहायचं.

मधेच दोन दिवस पाणी गार झालं तर? हे नियमात लिहिलेलं आहे. दोन दिवसांपर्यंतची खोट माफ. सहा दिवस तापलं, दोन दिवस उतरलं, पुन्हा सात दिवस तापलं, तर ती पंधरा दिवसांची एकच घटना. मधला उतार तीन दिवसांचा झाला की त्याच समुद्राच्या दोन वेगळ्या घटना, एक सहा दिवसांची, एक सात. एखाद्या वादळी वाऱ्याने पाणी ढवळलं आणि गारवा एक दिवस जास्त टिकला, एवढ्यावर यादीतली संख्या बदलते.

उंबरठा तारखेनुसार बदलतो, ही यातली खुबी. जानेवारीतला अरबी समुद्र मे महिन्याच्या मानाने गारच असतो, पण जानेवारीच्या मानाने तो फार गरम असेल तर प्रणाली घटना नोंदवते. पोहायला उतरलेल्या माणसाला त्यात काही वावगं वाटणार नाही. मात्र ज्या जिवांचं अंडी घालणं, वाढणं, स्थलांतर त्या गारव्याच्या वेळापत्रकावर बेतलेलं असतं, त्यांचं गणित तिथे चुकतं.

निबंधाच्या लेखकांपैकी एरिक ऑलिव्हर यांनी ही सगळी कृती पायथन भाषेतल्या प्रणालीत उतरवून जगासाठी खुली केली. दक्षिण आफ्रिकेत काम करणारे रॉबर्ट श्लेगेल आणि ए. जे. स्मिट यांनी २०१८ साली ‘आर’ या संख्याशास्त्राच्या भाषेत ‘हीटवेव्हआर’ आणली. पाठोपाठ मॅटलॅबची आवृत्ती आली. व्याख्या निबंधात राहिली असती तर प्रत्येकाने ती आपापल्या परीने वाचली असती. ती प्रणालीत उतरली म्हणून सगळे एकाच पट्टीने मोजू लागले.

‘हीटवेव्हआर’ घरच्या लॅपटॉपवर उतरवून घेता येते. सोबत सरावासाठी तीन जागांच्या नोंदी मिळतात : पश्चिम ऑस्ट्रेलिया, भूमध्य समुद्र, वायव्य अटलांटिक. पहिल्या आज्ञेने रोजची सरासरी आणि उंबरठा निघतो, दुसरीने घटना. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या नोंदी दिल्या की तक्ता समोर येतो. एका घटनेला एक ओळ. सुरुवात, शिखर, शेवट, कालावधी, तीव्रता, तापण्याचा वेग, निवण्याचा वेग. तीव्रतेप्रमाणे यादी लावली की २०११ची घटना डोक्यावर येते. ६ फेब्रुवारीला सुरू, २८ फेब्रुवारीला शिखर, ६ एप्रिलला समाप्त. साठ दिवस, आणि शिखरावर नेहमीपेक्षा सुमारे साडेसहा अंश जास्त. हीच यादी कालावधीप्रमाणे लावली तर मात्र १९९९ची, तीन महिन्यांहून अधिक लांबलेली, पण बरीच सौम्य घटना तिच्या वर बसते. आकडे तेच, समुद्र तोच. ‘सर्वांत मोठी’ कुणाला म्हणायचं हे विचारणाऱ्याच्या प्रश्नावर अवलंबून. पाण्यातलं शेवाळ जळून जाण्याला शिखर महत्त्वाचं, हळूहळू खंगण्याला कालावधी. म्हणून रोजच्या जादा तापमानाची बेरीज, म्हणजे साचलेली उष्णता, ही वेगळी मोजतात.

२०१८ साली हॉबडे आणि सहकाऱ्यांनी चक्रीवादळांसारख्या श्रेणीही दिल्या. त्या दिवसाची सरासरी आणि उंबरठा यांतलं अंतर हे एक माप. तापमान सरासरीच्या वर एक माप गेलं तर मध्यम, दोन मापं गेलं तर तीव्र, तीन म्हणजे अतितीव्र, चार म्हणजे टोकाची. पर्थजवळची २०११ची घटना चौथ्या श्रेणीत बसते.

नकाशावर माग काढताना

इथवरचा हिशेब एका ठिकाणाचा. पण अमेरिकेच्या ‘नोआ’ संस्थेचा रोजचा समुद्रतापमानाचा संच अवघ्या पृथ्वीचा आहे. सप्टेंबर १९८१पासून पाव अंश बाय पाव अंश असे चौकोन. आडवे १,४४०, उभे ७२०, म्हणजे दहा लाखांहून अधिक. जमिनीवरचे वगळले आणि चार दशकांहून जास्त दिवसांनी गुणलं की हजार कोटींच्या पुढे आकडे जातात. प्रणाली प्रत्येक चौकोनाचा वेगवेगळा विचार करते. शेजारच्या चौकोनात काय चाललंय याचा तिला पत्ता नसतो. एका विस्तीर्ण लाटेची म्हणूनच तिच्या यादीत हजारो वेगळ्या घटना होतात.

२०१३च्या अखेरीस अलास्काच्या आखाताजवळ गरम पाण्याचा असाच एक पट्टा तयार झाला. वॉशिंग्टन राज्याचे हवामानतज्ज्ञ निक बाँड यांनी जून २०१४मध्ये त्याला ‘ब्लॉब’ म्हटलं आणि तेच नाव रूढ झालं. तेव्हा तो सुमारे १,६०० किलोमीटर लांब आणि तितकाच रुंद होता. पुढे तो पसरत, तुटत, पुन्हा जुळत किनाऱ्याला भिडला आणि २०१६पर्यंत टिकला. कॅलिफोर्नियापासून अलास्कापर्यंत मर जातीच्या सुमारे ६२,००० समुद्रपक्ष्यांचे मृतदेह किनाऱ्याला लागले. उपाशी मेलेले पक्षी. विषारी शेवाळाच्या बहरामुळे २०१५ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर खेकड्यांचा हंगाम लांबणीवर पडला.

अशा घटनेचा माग ठेवायचा तर जागा आणि काळ एकत्र धरावे लागतात. हिलरी स्कॅनेल आणि सहकाऱ्यांची ‘ओसिट्रॅक’ ही पायथन प्रणाली ते करते. आधी उंबरठ्यावरचे सगळे चौकोन एका रंगाने भरायचे, बाकीचे कोरे ठेवायचे. मग प्रतिमांवर प्रक्रिया करणारे लोक वापरतात त्या युक्त्या : डागातली बारीक भोकं बुजवायची, कडेचे सुटे कण खरवडून टाकायचे, ठरावीक आकाराहून लहान डाग सोडून द्यायचे. उरलेल्या डागांचे रोजचे किंवा महिन्याचे नकाशे एकावर एक रचायचे आणि जे डाग शेजारी किंवा खाली-वर एकमेकांना लागून आहेत त्यांना एकच क्रमांक द्यायचा. आता घटनेला जन्मस्थान मिळतं, वाट मिळते, क्षेत्रफळ मिळतं.

आणि नवी भांडणंही मिळतात. गरम पाण्याचे पट्टे आमटीवरच्या तर्रीसारखे वागतात. दोन थेंब भिडले की एक होतात आणि पळी फिरली की फुटतात. दोन पट्टे एका आठवड्यासाठी जुळले तर त्यांना जन्मापासून एकच घटना मानायचं का? तसं मानलं तर अर्धा महासागर एकाच क्रमांकाखाली जाऊ शकतो. म्हणून अलीकडच्या प्रणाली आधी विचारतात की आजच्या डागाचा किती भाग कालच्या डागावर बसतो. अर्ध्याहून अधिक बसला तर तोच, नाहीतर वेगळा. अर्धाच का, तृतीयांश का नाही? याचं उत्तर समुद्र देत नाही. ते प्रणाली लिहिणाऱ्याला द्यावं लागतं आणि ते सर्वांना दिसेल अशा ओळीत लिहावं लागतं. खुल्या प्रणालीची मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट ही. पाच दिवस, दोन दिवस, नव्वद टक्के, हे आकडे तिथे उघड्यावर असतात. पटत नसतील तर कुणीही ते बदलून, सगळा हिशेब पुन्हा चालवून, निकाल किती हलतो ते पाहू शकतो.

पाषाण, बंगालचा उपसागर आणि आपला मान्सून

हीच पट्टी हिंद महासागराला लावण्याचं काम पुण्यात पाषाणला, भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत झालं. जे. एस. सरन्या, रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांच्या २०२२मधल्या निबंधानुसार १९८२ ते २०१८ या काळात पश्चिम हिंद महासागरात ६६ सागरी उष्णतेच्या लाटा आल्या, बंगालच्या उपसागरात ९४. संख्या उपसागरात जास्त असली तरी वाढीचा वेग पश्चिमेला अधिक आहे. तिथे दर दशकाला सुमारे दीड घटनेची भर पडते आहे. या लाटांच्या काळात मध्य भारतातला पाऊस घटतो आणि दक्षिण द्वीपकल्पात वाढतो, असंही त्यांना आढळलं. विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याने समुद्र कधी पाहिलेला नसेल. त्याच्या दुबार पेरणीचा एक धागा तिथवर जातो.

मे २०२०मध्ये बंगालच्या उपसागरातल्या अशाच गरम पाण्यावरून अम्फान चक्रीवादळ गेलं आणि सुमारे एका दिवसात साध्या चक्रीवादळाचं महाचक्रीवादळ झालं. त्याच महिन्यातल्या उष्णतेने तमिळनाडूजवळच्या मन्नारच्या आखातातली ८५ टक्के प्रवाळं पांढरी पडली. आपल्याकडे मालवणच्या सागरी अभयारण्यातही प्रवाळांचं पांढरं पडणं गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी नोंदवलं आहे.

‘नेहमीचा’ समुद्र कुठला?

तीन प्रश्नांपैकी तिसरा, ‘कशाच्या मानाने’, हा सर्वांत अवघड. १९२५ ते २०१६ या काळात जगभरात सागरी उष्णतेच्या लाटांच्या दिवसांची वार्षिक संख्या ५४ टक्क्यांनी वाढली, असं ऑलिव्हर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. हिंद महासागरात १९७०-२०००च्या सुमारास वर्षाकाठी असे वीसेक दिवस येत. शतकाच्या अखेरीस ते २२० ते २५० होतील, असा कोल यांच्या चमूचा अंदाज आहे. वर्षातले आठ महिने ‘असाधारण’! मग असाधारण या शब्दात उरलं काय?

यावर शास्त्रज्ञांत दोन तट आहेत. एक म्हणतो, तुलनेची तीस वर्षं पुढे सरकवत राहा. हळूहळू चढणाऱ्या तापमानाला ‘दीर्घकालीन वाढ’ म्हणा आणि तिच्या वर अचानक उसळी मारली तरच तिला लाट म्हणा. नाहीतर इशारा रोजच वाजत राहील आणि कुणी ऐकणार नाही. २०२३ साली ‘नेचर’मध्ये डिलन अमाया आणि सहकाऱ्यांनी या स्पष्टतेचा आग्रह धरला. दुसरा तट म्हणतो, पट्टी सरकवली की वाढलेली उष्णता हिशेबातून पुसली जाते. पाऊस वाढत चालला म्हणून उद्या अतिवृष्टीची रेषा ६५वरून ८०वर नेली, तर कागदावरच्या आपत्त्या कमी होतील आणि शेतातल्या तशाच राहतील.

प्रवाळाच्या बाजूने पाहिलं तर दुसरं म्हणणं बरोबर. त्याची सोसण्याची ताकद दर दहा वर्षांनी सरकत नाही. म्हणूनच प्रवाळांसाठीची नोआची पट्टी वेगळी आणि स्थिर आहे. वर्षातल्या सर्वांत गरम महिन्याच्या जुन्या सरासरीपेक्षा पाणी एक अंशाने वर गेलं की तिथून पुढची उष्णता आठवड्यांच्या हिशेबाने साठवत जायची. चार अंश-आठवडे भरले की पांढरं पडण्याची भीती, आठ भरले की मरण्याची. याउलट मत्स्यशेतीवाल्याला पुढच्या पंधरवड्यात काय वेगळं घडणार ते हवं असतं. त्याच्या कामाची पट्टी सरकती. एकच उंबरठा सगळ्यांच्या उपयोगाचा, हा आग्रह इथे मोडतो. कोणता उंबरठा कोणाच्या प्रश्नासाठी, एवढं सांगितलं की दोन्ही तट आपापल्या जागी खरे ठरतात.

बारा सागरी मैलांत

कोकणाला या सगळ्याचा उपयोग किती? राज्य सरकारची हद्द किनाऱ्यापासून बारा सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर. नोआच्या संचातला एक चौकोन साधारण २७ किलोमीटरचा. म्हणजे रत्नागिरीसमोरचा राज्याच्या ताब्यातला अख्खा समुद्र रुंदीत एका चौकोनात मावतो. खाडीचं तोंड, खडपं, उथळ वाळू, रापण ओढली जाते ती जागा, सगळं एका आकड्यात. शिवाय ही तापमानं मुख्यतः उपग्रहांच्या अवरक्त किरणांवरून येतात आणि ढगातून ते किरण येत नाहीत. पावसाळ्यात कोकणावर ढग दाटलेले असताना बोयी आणि जहाजांच्या तुरळक नोंदींच्या आधाराने रिकाम्या जागा भरून घ्याव्या लागतात.

हा फरक किरकोळ नाही. ‘हीटवेव्हआर’ रचणाऱ्या श्लेगेल आणि स्मिट यांनीच दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या तापमापकांच्या नोंदी खुल्या समुद्रातल्या उपग्रहाच्या नोंदींशी ताडल्या, तेव्हा किनाऱ्यावरच्या आणि बाहेरच्या घटना बहुतेकदा एकाच वेळी आलेल्या नसल्याचं दिसलं. बाहेरचा नकाशा लाल असताना किनारा थंड असू शकतो आणि उलटही.

आपल्या मच्छीमार संघटना ‘मत्स्यदुष्काळ जाहीर करा’ अशी मागणी अनेकदा करत आल्या आहेत. पैसेवारी शेताला आहे, जाळ्याला नाही. मासळी घटण्याची कारणंही एकात एक गुंतलेली : पर्ससीन जाळी, एलईडीच्या प्रकाशातली मासेमारी, लहान मासळीची उपसणूक, खाड्यांतलं प्रदूषण, आणि तापलेलं पाणी. सगळं खापर उष्णतेवर फोडणं जितकं सोयीचं, तितकंच तिला हिशेबाबाहेर ठेवणंही. कुठल्या हंगामात किनाऱ्यालगत किती दिवस पाणी उंबरठ्याच्या वर होतं, याची यादी हाताशी असेल तर ती बंदरावरच्या आवकीच्या नोंदींशेजारी ठेवून बोलता येईल. गोव्यात कांदोळीसमोर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था नव्वदच्या दशकापासून एका ठिकाणच्या पाण्याच्या नोंदी घेत आली आहे. किनाऱ्याच्या समुद्राचं पुष्कळसं ज्ञान तिथून आलं. मात्र पाच दिवसांचा नियम लावायचा तर बोट जाईल तेव्हाची नोंद पुरत नाही, रोजची लागते.

त्यासाठी उपग्रह उडवायला नको. जेट्टीच्या खांबाला बांधून ठेवायचा, आपोआप नोंद घेणारा तापमापक मोठ्या खर्चाची वस्तू नाही. मिरकरवाडा, मालवण, हर्णे, ससून डॉक इथल्या सहकारी संस्था आणि जवळची महाविद्यालयं हे काम सांभाळू शकतात. तीस वर्षं थांबायचीही गरज नाही. दहा वर्षांच्या मालिकेवरूनही बऱ्यापैकी भरवशाच्या घटना काढता येतात, असं श्लेगेल आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली तपासून दाखवलं आहे. प्रणाली फुकट आहे, नियम छापील आहे. यंदा तापमापक बांधला तर पुढच्या दशकाच्या मध्यावर कोकणचा स्वतःचा उंबरठा निघेल. आणि तो नव्वद टक्क्यांवर ठेवायचा की पंच्याण्णववर, पाच दिवसांचा की आठ, या वादात शास्त्रज्ञांच्या शेजारी ज्यांची होडी पाण्यात असते तेही आपल्या नोंदी घेऊन बसू शकतील.